थंडीतलं खाणं अंगाला लागतं, पण कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे ऑफिसात इअरफोन लावू शकत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दरूप. बोलताना झालेले "अं", "म्हणजे बघा" वगैरे थोडे कमी केलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

तुम्ही हे चालता चालता ऐकत असाल तर छान, चालत राहा. गोधडीत गुरफटून ऐकत असाल तरी हरकत नाही. हा भाग खरं तर तुमच्यासाठीच आहे.

विषय आहे थंडी, वजन आणि फिटनेस. पण "थंडीत वजन कमी करण्याचे दहा उपाय" असली यादी मी वाचून दाखवणार नाही. ती तुमच्या मोबाईलवर रोज येते. मी आधी माझीच एक फजिती सांगतो.

लाडवाचा डबा आणि एक रिपोर्ट

माझं मूळ गाव निफाड तालुक्यात. थंडीत टीव्हीवर "राज्यात सर्वांत कमी तापमान" म्हणून ज्या निफाडचं नाव येतं ना, तेच. मी राहतो पुण्यात. काम लॅपटॉपवर, तेही आठवड्यातले तीन दिवस घरून. दरवर्षी दिवाळी संपली की गावाहून आजीचा डबा येतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, आणि सोबत फोन: "खा रे बाबा, थंडीचं खाल्लेलं अंगाला लागतं."

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझं वजन तीन किलोंनी वाढलं. ६६ चं ६९ झालं. उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे कुणी मला जाड म्हणणार नाही. मलाही काही वाटलं नाही. फक्त जीन्स घट्ट झाली, तर मी म्हटलं, धुतल्यामुळे आटली असेल. फेब्रुवारीत ऑफिसची वार्षिक तपासणी झाली आणि त्यात एचबीए१सी आलं ५.९. ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगते. ५.७ पासून ६.४ पर्यंत आकडा आला तर त्याला प्रीडायबेटिस म्हणतात, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझं वय तेव्हा २९. आणि माझ्या वडिलांना चाळिशीत मधुमेह झालेला.

त्या दिवशी घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल? उरलेले लाडू वॉचमन काकांना देऊन टाकले. आणि रात्री आजीला फोनवर सांगितलं, "आजी, आता लाडू पाठवू नकोस, डॉक्टर नको म्हणालेत." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "बरं."

ते "बरं" मला फार लागलं. डॉक्टर तसं काही म्हणालेच नव्हते. मी सगळा दोष लाडवावर ढकलून मोकळा झालो होतो. आता आपण बघू, दोष नक्की कुणाचा असतो.

थंडीत वजन वाढतं का? वाढतं तर का?

आधी एक गैरसमज काढून टाकू. "थंडीत शरीर गरम ठेवायला जास्त कॅलरी जळतात, त्यामुळे खाल्लं तरी चालतं" असं आपण ऐकलेलं असतं. यात अर्धं खरं आहे. माणूस थंडीने कुडकुडायला लागला की स्नायू थरथरून उष्णता तयार करतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. पण आपण कुडकुडतो किती? स्वेटर, कानटोपी, गोधडी, गरम पाण्याची अंघोळ. आपण थंडी अंगाला लागूच देत नाही. त्यामुळे तो जादा खर्च होतो नावापुरता, आणि भूक मात्र वाढल्यासारखी वाटते.

दुसरं कारण उजेडाचं. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वासात वाजतात. संध्याकाळही लवकर होते. दिवस दोन तासांनी लहान होतो आणि ते दोन तास नेमके आपले फिरायला जायचे असतात. सकाळी अंधार म्हणून उठवत नाही, संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत पुन्हा अंधार.

तिसरं कारण कॅलेंडरचं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. जरा मोजा. दिवाळीचा फराळ संपतो तोवर तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नसराई सुरू. मग हुरडा पार्ट्या, नाताळचा केक, थर्टी फर्स्ट, भोगी, संक्रांतीचा तिळगूळ. हळदीकुंकू तर रथसप्तमीपर्यंत चालतं. अडीच-तीन महिने दर आठवड्याला काहीतरी "एकच दिवस तर आहे" असतं.

यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. २००० साली तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तिकडेही नोव्हेंबर ते जानेवारी हा सणांचा आणि थंडीचा काळ. संशोधकांनी १९५ प्रौढांचं वजन वेळोवेळी केलं. सणांच्या काळातली सरासरी वाढ निघाली फक्त ०.३७ किलो. लोकांना स्वतःचं वजन जेवढं वाढलं असं वाटत होतं त्यापेक्षा खूपच कमी! मग यात काळजी कसली? काळजी ही, की पुढच्या महिन्यांत ते वाढलेलं वजन उतरलं नाही. दर थंडीला एवढंसं वाढायचं आणि तिथंच राहायचं. दहा थंड्यांचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणजे थंडीत कुणी एकदम फुगत नाही. थोडं थोडं साठतं आणि साठलेलं तसंच राहतं.

"पण मी तर बारीक आहे!"

हे वाक्य मीही म्हणत होतो. आता पुण्यातलीच एक गोष्ट ऐका. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं मधुमेहावरचं काम जगभर माहीत आहे. २००४ साली लॅन्सेट या साप्ताहिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर जुळी भावंडं, आतून दुपटीहून जास्त फरक!

आपल्याकडे हे सर्रास दिसतं. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, आणि चरबी पोटाशी. म्हणूनच जगात जिथे बीएमआय २५ च्या पुढे गेला की "वजन जास्त" म्हणतात, तिथे भारतीयांसाठी ती रेषा २३ वर धरतात. माझा त्या फेब्रुवारीत होता २३.९. जगाच्या तक्त्यात पास, आपल्या तक्त्यात नापास.

त्यामुळे या थंडीत काट्यापेक्षा टेप जवळ ठेवा. शिंप्याकडे असते ना, ती. कंबर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायची. (हो, मीही ओढलं होतं.) पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी, असं आपल्याकडे धरतात. माझी होती ९१. आजीचं बरोबरच होतं, थंडीचं खाल्लेलं अंगाला लागलं होतं. फक्त कुठे लागलं, ते टेपने दाखवलं.

लाडवाचं गणित

आता लाडवाकडे येऊ. एका मध्यम डिंकाच्या लाडवात तीनेक छोटे चमचे तूप धरा. एका चमच्यात ४५ कॅलरी, म्हणजे तुपाच्याच १३५. मग गूळ, खारीक, सुकं खोबरं, बदाम. सगळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास जातं. घराघराप्रमाणे कमी-जास्त होईल, पण अंदाज हाच. साठ किलोच्या माणसाला एवढ्या कॅलरी खर्च करायला साधारण तासभर भरभर चालावं लागतं. आणि मी रोज दोन खात होतो. एक सकाळी चहाबरोबर आणि एक रात्री मीटिंग संपल्यावर, बक्षीस म्हणून.

म्हणजे लाडूच गुन्हेगार? थांबा. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी चार दिवस गावी गेलो होतो, आणि तेव्हा जे बघितलं त्याचा अर्थ मला रिपोर्ट आल्यावर लागला.

थंडीत आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालते. आजी सत्तरी ओलांडलेली. पहाटे उठते, चूल पेटवते, अर्धा लाडू आणि कपभर चहा घेते आणि सातच्या आत मळ्यात. दिवसभर बायकांच्या रांगेत वाकून रोपं लावायची. दुपारी भाकरी, पालेभाजी, ठेचा. संध्याकाळी चालत घरी. ज्या रात्री पारा फारच उतरतो, त्या रात्री शेजारपाजारचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून जागे असतात, वेली गारठू नयेत म्हणून. त्या माणसांचा लाडू दुपारपर्यंत जिरलेला असतो.

मी त्यांचाच लाडू खात होतो, तोही चौपट, आणि दिवसभरात चालत होतो खुर्चीपासून फ्रीजपर्यंत.

आयुर्वेदातलं ऋतुचर्येचं वाक्य आपण सगळे सांगतो: हेमंतात भूक चांगली असते, पचन चांगलं असतं, पौष्टिक खा. पण त्याच ऋतुचर्येत थंडीत व्यायाम करा, अंगाला तेल लावा हेही सांगितलंय. आपण अर्धी ओळ लक्षात ठेवली, खाण्याची.

मग व्यायाम कधी आणि किती?

थंडी सुरू झाली की आपण पाच वाजताचा अलार्म लावतो. तीन दिवस उठतो. चौथ्या दिवशी स्नूझ, आणि मग "आता एक तारखेपासून". मी हे चार वर्षं केलंय.

पहाटेच जायला हवं असा कुठलाच नियम नाही. उलट शहरात थंडीच्या पहाटे हवा बऱ्याचदा जास्त खराब असते. जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वर उबदार हवेचं झाकण, आणि गाड्यांचा धूर, धूळ खालीच अडकते. ऊन चढलं की ते झाकण सुटतं. त्यामुळे मोठ्या रस्त्याच्या कडेने पहाटे धावण्यापेक्षा आठ-नऊच्या उन्हात, आतल्या गल्लीत किंवा मैदानावर चाललेलं बरं. दमा असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा.

घरच्या मोठ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि थंडीत हृदयविकाराचे झटके जास्त येतात. आई-बाबांना बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर "चला बाबा, पाच वाजता" असा आग्रह करू नका. ऊन आल्यावर, कान-छाती झाकून, आणि डॉक्टरांना विचारून जाऊ द्या. चालताना छातीत दडपण आलं किंवा दम लागला, तर थांबायचं आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तोही सलग हवा असं नाही, जेवणानंतर दहा-दहा मिनिटं तीनदा चाललात तरी मोजा.

आणि ते दहा हजार पावलांचं? तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच "दहा हजार पावलांचं मीटर". आकडा वाईट नाही, पण सहा हजार झाली म्हणून दिवस वाया गेला असं मानू नका. आज तुमची तीन हजार होत असतील तर उद्या साडेतीन.

स्नायूंचा व्यायाम मात्र टाळू नका. वर याज्ञिकांची गोष्ट सांगितली ती यासाठीच. आपल्याकडे स्नायू कमी पडतात, आणि जेवणातली साखर वापरणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू. जिमची फी परवडत नसेल तर आपल्या जोर-बैठका आहेतच. भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून उठत-बसत बैठका, दोन-तीन मजले जिना. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम. थंडीत अंग आखडलेलं असतं, म्हणून आधी पाच-सात मिनिटं जागच्या जागी चालून, खांदे-गुडघे फिरवून अंग मोकळं करा. गादीतून उठून थेट धावायला गेलं की पोटरी धरलीच समजा.

माझी स्वतःची युक्ती सांगू? फोनवरच्या मीटिंगा. जिथे कॅमेरा लागत नाही, तिथे मी गच्चीत चालतो. दुपारचं ऊनही मिळतं आणि अर्धा तास कधी झाला कळत नाही.

थंडीचं ताट

आता चांगली बातमी. महाराष्ट्रात नीट खाण्यासाठी थंडीइतका सोपा ऋतू नाही. मंडईत जा. मेथी, पालक, मुळा, गाजर, मटार, पावटा, वालपापडी, हरभऱ्याचे घाटे. पेरू, बोरं, संत्री, आवळे. उन्हाळ्यात महाग असणाऱ्या पालेभाज्यांच्या जुड्या आता स्वस्त. भोगीची भाजी आठवा. एका भांड्यात सगळा भाजीबाजार आणि बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तेल बेताचं घातलं तर असं जेवण कुठल्याही डाएट प्लॅनच्या तोंडात मारेल.

अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उसळ, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. भाकरी पौष्टिक आहे म्हणून चार खायच्या आणि वर लोण्याचा गोळा, असं नाही. हुरड्यालाही जा. पण हुरडा पोटभर, आणि शेव, गूळ, नंतरचं जेवण हे चवीपुरतं. आपण नेमकं उलटं करतो.

एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे चहा. थंडीत तीनाचे सहा कप होतात. कपात दोन छोटे चमचे साखर धरली तर आठ-दहा ग्रॅम. पाच कपांत चाळीस-पन्नास. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आणि चहाबरोबर बिस्किटं, खारी, टोस्ट आलेच. दोन कप ठेवा, साखर निम्मी करा. गरमच हवं असेल तर सूप, कढण, किंवा नुसतं गरम पाणी.

पाण्यावरूनही आठवलं. थंडीत तहान कमी जाणवते, म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, आणि शरीराला हवं असतं पाणी तेव्हा आपण देतो वेफर्स. बाटली नजरेसमोर ठेवा.

या थंडीचं ध्येय

थंडीत दहा किलो उतरवायचं ध्येय ठेवू नका. लग्नसराईत उपाशी राहायचं, मग एका रात्री गुलाबजामांवर तुटून पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःला शिव्या द्यायच्या. यात वजनही जात नाही आणि मनही खराब होतं. ध्येय एकच ठेवा: वाढू द्यायचं नाही. तुळशीच्या लग्नाला जे वजन आणि जी कंबर, तीच रथसप्तमीला.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा. रोज करू नका. मीठ आणि पाणी यांच्यामुळेच किलोभर इकडे-तिकडे होतं. लग्नाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी नेहमीचं घरचं जेवण. शिक्षा नाही, उपास नाही.

आणि हे सगळ्यांसाठी नाही, हेही सांगतो. घरात बाळंतीण असेल तर तिला या हिशोबात ओढू नका. तिची गरज वेगळी आहे. औषधं चालू असतील, थायरॉइड किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांशी बोला, पॉडकास्टवाल्याशी नको.

आणि आजी?

गेल्या थंडीत मी आजीला फोन केला. म्हटलं, "आजी, यंदा लाडू पाठव. पण लिंबाएवढे कर, आणि वीसच."

म्हणाली, "डॉक्टर नको म्हणालेत ना रे?"

मी खरं सांगितलं. "डॉक्टर नव्हते म्हणाले, मीच म्हणालो होतो. चुकलं माझं."

ती हसली. म्हणाली, "लिंबाएवढा लाडू वळायला जास्त वेळ लागतो, माहितीये का?" पण पाठवले. एक दिवसाआड एक, व्यायाम झाल्यावर, बसून, फोन बाजूला ठेवून खाल्ला. चव पहिल्यांदा कळली म्हणा ना. फेब्रुवारीत तपासणी केली: वजन ६७, कंबर ८८, एचबीए१सी ५.६. एकदम हिरो झालो नाही, पण उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आलो. तपासणी दरवर्षी करत राहायचीच आहे.

तर आजचं काम. हा भाग संपला की घरातली टेप शोधा, कंबर मोजा, आकडा फोनमध्ये तारखेसह लिहून ठेवा. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर वय पंचवीस असलं तरी एकदा साखर तपासून घ्या. मी बारीक आहे म्हणून थांबलो असतो, तर मला कळलंच नसतं.

भेटूया पुढच्या भागात. तोवर उन्हात चाला, आणि लाडू खाल्लात तर बसून, चवीने खा. नमस्कार!